कबरीपाशी आलेल्या स्त्रिया : पुनरुत्थानाच्या चार कथा

मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट चमत्कारिक आहे. शब्बाथ सरल्यावर, आठवड्याच्या पहिल्या दिवशी भल्या पहाटे, तीन स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन कबरीकडे निघतात. वाटेत त्यांना एकच चिंता लागलेली असते: कबरीच्या तोंडावरची एवढी मोठी धोंड आपल्यासाठी कोण सरकवणार? जाऊन पाहतात तो धोंड आधीच बाजूला झालेली आणि आत पांढरा झगा घातलेला एक तरुण बसलेला. ज्याला क्रुसावर चढवले तो इथे नाही, उठला आहे, असे तो सांगतो. शिष्यांना आणि नाव घेऊन पेत्राला निरोप द्यायला सांगतो की, गालीलात भेट होईल. स्त्रिया बाहेर पडतात आणि थरथरत पळत सुटतात. भीतीमुळे त्या कोणालाही काहीच सांगत नाहीत. इथे पुस्तक संपते.

म्हणजे निदान आपल्याला उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या दोन संपूर्ण प्रतींत तरी ते इथेच संपते. सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरीनच्या मठातून एकोणिसाव्या शतकात टिशेनडॉर्फ या जर्मन अभ्यासकाने बाहेर आणलेली ‘कोडेक्स सिनायटिकस’ आणि पोपच्या ग्रंथालयातली ‘कोडेक्स व्हॅटिकानस’ ही दोन्ही हस्तलिखिते चौथ्या शतकातली आहेत. दोन्हींत मार्कचा सोळावा अध्याय आठव्या ओवीला थांबतो. (बायबलच्या वचनांना ‘ओवी’ म्हणण्याची मराठी ख्रिस्ती लोकांची जुनी सवय मला फार आवडते.) व्हॅटिकानसच्या लेखनिकाने तर त्यानंतर एक पूर्ण रकाना कोरा सोडला आहे. एक पुस्तक संपले की लगेच पुढच्या रकान्यात दुसरे सुरू करायचे, ही नव्या करारात त्याची पद्धत. इथे मात्र त्याने ती मोडली. पुढे काहीतरी असते हे त्याला ठाऊक असावे आणि त्याच्यासमोरच्या प्रतीत ते नसावे, असा तर्क करता येतो.

पुढचे ‘काहीतरी’ म्हणजे आज छापील बायबलांत दिसणाऱ्या नऊ ते वीस या ओव्या. त्यांत येशू मग्दालीया मरीयेला दिसतो, दोघा वाटसरूंना दिसतो, अकरा शिष्यांना दिसतो आणि स्वर्गात घेतला जातो. या ओव्या जुन्याच आहेत. इसवी सन 180च्या सुमारास इरिनेयसला त्या माहीत होत्या. पण त्यांची शैली मार्कची नाही. शिवाय सगळा मजकूर इतर शुभवर्तमानांतल्या प्रसंगांचा गोषवारा वाटतो. एका जुन्या लॅटिन प्रतीत याऐवजी दोन-तीन वाक्यांचा वेगळाच छोटा शेवट आहे, तर काही प्रतींत दोन्ही शेवट एकापाठोपाठ दिलेले आहेत. थोडक्यात, आरंभीच्या वाचकांनाही मार्कचा शेवट सहन झाला नाही आणि ज्याला जसे सुचले तसे त्याने ते दार लावून घेतले.

मूळ ग्रीकमधले शेवटचे वाक्य ‘कारण’ या अर्थाच्या एका इवल्या अव्ययावर संपते. ग्रीकमध्ये हे अव्यय वाक्यात दुसऱ्या जागी येते. वाक्य दोनच शब्दांचे असले तर ते शेवटी पडते. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही, पण पुस्तकाचा शेवट असा करणे कानाला खटकते. शेवटचे पान गळून हरवले, असे काही अभ्यासक मानतात. मार्कला मुळात असेच थांबायचे होते, असे इतर काहींना वाटते. माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. या शुभवर्तमानात येशू ज्यांना बरे करतो त्यांना गप्प राहायला सांगतो आणि ते गावभर बोलत सुटतात. शेवटी बोलायला सांगितले जाते, तर ऐकणाऱ्या गप्प बसतात. हा विरोधाभास अपघाताने साधला असेल, असे मला वाटत नाही. त्या खरोखरच कायमच्या गप्प राहिल्या असत्या, तर हे पुस्तक लिहिलेच गेले नसते, हे वाचणाऱ्याला कळतेच.

चारही शुभवर्तमानांबाबत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. येशू कबरीतून उठतानाचे वर्णन त्यांपैकी एकातही नाही. शुक्रवारी संध्याकाळी अरिमथाईचा योसेफ पिलाताकडून देह मागून घेतो, तागाच्या वस्त्रात गुंडाळून खडकात खोदलेल्या कबरीत ठेवतो. मग थेट रविवारची पहाट येते आणि तोवर जे घडायचे ते घडून गेलेले असते. हाती उरतात त्या तीन गोष्टी: रिकामी जागा, कोणीतरी सांगितलेला निरोप आणि पुढच्या भेटी. युरोपातल्या चित्रकारांनी हातात ध्वज घेऊन कबरीतून झेपावणारा ख्रिस्त शेकडो वेळा रंगवला, पण त्या प्रसंगाला बायबलमध्ये आधार नाही.

हा संयम किती अवघड होता ते ‘पेत्राचे शुभवर्तमान’ वाचले की कळते. दुसऱ्या शतकातला हा ग्रंथ मान्य ग्रंथांच्या यादीत आला नाही. त्याचा एक तुकडा 1886-87च्या हिवाळ्यात इजिप्तमध्ये अखमीम इथल्या एका कबरीत सापडला. त्यात पहारेकऱ्यांच्या देखत आकाश उघडते, दोन पुरुष खाली येतात, धोंड आपोआप सरकते आणि ते दोघे तिसऱ्याला आधार देत बाहेर पडतात. त्या दोघांची डोकी आभाळाला भिडलेली, तिसऱ्याचे आभाळाच्याही वर गेलेले. त्यांच्या मागोमाग क्रूस चालत येतो आणि स्वर्गातून विचारलेल्या प्रश्नाला उत्तरही देतो. भाविक कल्पनेला मोकळे सोडले की ती कुठे जाते याचा हा नमुना. त्याच्या शेजारी मार्कच्या त्या तीन भेदरलेल्या स्त्रिया उभ्या केल्या, की दोन्हींतला फरक सांगावा लागत नाही.

आता या चार कथा एकमेकींशी जुळत नाहीत, हे उघडपणे मान्य करायला हवे. मार्ककडे तीन स्त्रिया आहेत: मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे. मत्तयाकडे दोन मरीया. शिवाय भूकंप होतो, देवदूत त्यांच्यादेखत धोंड लोटून तिच्यावर बसतो आणि वाटेत त्यांना खुद्द येशू भेटतो. लूककडे योहान्ना नावाची आणखी एक स्त्री आणि इतर काही जणी आहेत, आणि आत एका तरुणाऐवजी लखलखीत वस्त्रांतले दोन पुरुष. योहानाकडे मग्दालीया मरीया एकटीच येते, तीही अंधार असतानाच. मार्क आणि मत्तय शिष्यांना उत्तरेला गालीलात पाठवतात. लूकच्या मते सगळे यरुशलेमात आणि आसपासच घडते. शिष्यांना शहर सोडू नका अशी आज्ञाच होते. योहानाच्या विसाव्या अध्यायात यरुशलेम आहे, एकविसाव्यात गालीलचा समुद्र.

हे सगळे एका सलग कथेत बसवण्याचा उद्योग फार जुना आहे. इसवी सन 170च्या सुमारास टेशियन नावाच्या सिरियन लेखकाने चारही शुभवर्तमाने एकत्र विणून ‘दियातेस्सरोन’ तयार केले. सिरियाई मंडळ्यांत ते पाचव्या शतकापर्यंत वाचले जात होते. मग सायरसचा बिशप थिओडोरेट याने आपल्या प्रांतातून त्याच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने दिली. थिओडोरेटचे वागणे कोणाला दंडेलीचे वाटेल. पण चर्चने या निवडीत विसंगतींसकट चार आवाज राखले आणि एका गुळगुळीत कथेचा मोह टाळला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कोर्टात चार साक्षीदारांनी शब्दाला शब्द जुळणारी जबानी दिली, तर न्यायाधीशाच्या मनात पहिली शंका पढवण्याची येते. अर्थात, जबान्या जुळत नाहीत म्हणून त्या खऱ्या, असेही म्हणता येत नाही. या युक्तिवादाचा आधार काही धर्मप्रचारक वाजवीपेक्षा जास्त घेतात. मात्र चौघांच्या कथा कितीही वेगळ्या असल्या, तरी काही गोष्टींवर त्या ठाम आहेत: दिवस आठवड्याचा पहिला, कबर रिकामी आणि तिथे आधी पोचल्या त्या स्त्रिया. मग्दालीया मरीयेचे नाव तर चारही ठिकाणी आहे.

कालक्रम पाहिला तर सर्वांत जुना उल्लेख शुभवर्तमानांतला नाहीच. मार्कचे पुस्तक इसवी सन 70च्या आगेमागे लिहिले गेले असे मानतात; मत्तय, लूक आणि योहान त्यानंतरचे. पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेले पहिले पत्र मात्र 53 ते 55च्या दरम्यानचे. त्याच्या पंधराव्या अध्यायात पौल एक यादी देतो. ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. तो आधी केफाला म्हणजे पेत्राला दिसला, मग बारा जणांना, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बांधवांना, मग याकोबाला, मग सर्व प्रेषितांना. शेवटी, अकाली जन्मलेल्या गर्भासारखा जो मी, त्या मलाही दिसला, असे तो म्हणतो. त्या पाचशेंपैकी बरेच जण अजून हयात आहेत, असेही नमूद करतो, जणू कोणाला विचारून यायचे असेल तर यावे. ही यादी आपण रचलेली नसून आपल्याला जशी मिळाली तशी पुढे देत आहोत, हे तो स्पष्ट करतो. तो स्वतः यरुशलेमात जाऊन पेत्राजवळ पंधरा दिवस राहिला होता, असे गलतीकरांच्या पत्रात आहे. तेव्हा ही परंपरा क्रुसाच्या घटनेनंतर अगदी थोड्या वर्षांतच आकाराला आली असावी, यावर बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. मग ते श्रद्धावान असोत वा नसोत.

आणि या यादीत स्त्रिया नाहीत. एकही नाही.

त्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसिफस मोशेच्या नियमांचे विवेचन करताना सांगतो की, स्त्रियांची साक्ष घेऊ नये, कारण त्यांच्या स्वभावात उथळपणा आणि धिटाई असते. मोशेच्या नियमशास्त्रात असे कुठेही म्हटलेले नाही; तो जोसिफसच्या काळाचा समज आहे. दुसऱ्या शतकातला ग्रीक तत्त्वज्ञ सेल्सस ख्रिस्ती लोकांची टर उडवताना नेमके इथेच बोट ठेवतो: हे सगळे पाहिले कोणी, तर एका भ्रमिष्ट बाईने. सेल्ससचे मूळ पुस्तक नष्ट झाले, पण त्याला उत्तर देणाऱ्या ओरिजेनने त्यातला बराच मजकूर उतरवून ठेवला म्हणून ही टिंगल आपल्यापर्यंत पोचली. बाहेरच्यांचे सोडा, लूकच्या कथेत खुद्द प्रेषितच स्त्रियांचे म्हणणे बाष्कळ ठरवतात. लूकने वापरलेला ग्रीक शब्द तापात बरळणाऱ्या रोग्याच्या बडबडीसाठी वैद्य वापरत असत.

म्हणूनच अभ्यासकांना हा तपशील विश्वसनीय वाटतो. कथा रचायचीच असती, तर त्या काळच्या कोणी शहाण्या माणसाने जिची साक्ष ग्राह्य नाही तिला पहिली साक्षीदार केले नसते. योसेफ किंवा निकदेम यांच्यासारखा प्रतिष्ठित पुरुष हाताशी होताच. युक्तिवाद चांगला आहे. पण मला त्याच्या पलीकडची एक बाब जास्त बोचते. पौलाच्या यादीतून ज्यांची नावे गळली, त्यांना शुभवर्तमानकारांनी वीस ते चाळीस वर्षांनी परत आणले. म्हणजे मधल्या काळात ती आठवण कुठेतरी जिवंत होती, घराघरांत भरणाऱ्या छोट्या मंडळ्यांत कोणीतरी ती सांगत होते. सांगणाऱ्या कोण असतील, याचा अंदाज करता येतो.

मग्दालीया मरीयेच्या वाट्याला पुढे काय आले, तेही पाहण्याजोगे आहे. बायबलमध्ये ती पापी स्त्री म्हणून कुठेही येत नाही. 591मध्ये पोप ग्रेगरी पहिला याने एका प्रवचनात तिला आणि लूकच्या सातव्या अध्यायातल्या निनावी पापी स्त्रीला एकच ठरवले. तेव्हापासून जवळजवळ चौदा शतके पश्चिमेकडच्या चित्रांत आणि नाटकांत ती केस मोकळे सोडून रडणारी पश्चात्तापदग्ध वेश्या झाली. पूर्वेकडच्या चर्चने ही गफलत कधी स्वीकारली नाही. रोमने 1969च्या दिनदर्शिकेत दोघींना वेगळे केले आणि 2016मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 22 जुलै या तिच्या दिवसाला प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा दर्जा दिला. ‘प्रेषितांची प्रेषिता’ ही तिची मध्ययुगीन उपाधी तेव्हा अधिकृतपणे पुन्हा उच्चारली गेली.

मराठीतही या कथेला स्त्रियांचा हात लागला आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल साध्या मराठीत आणले, ते कमी शिकलेल्या बायकांना वाचता यावे म्हणून. केडगावच्या मुक्ती सदनातल्या छापखान्यात तिथल्या स्त्रियांच्याच हातून त्याची छपाई झाली. रमाबाई 1922मध्ये वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ 1924मध्ये निघाला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतले, पण सुरुवातीचे काही अध्याय लिहून ते गेले. उरलेले, म्हणजे बहुतांश काव्य, लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले. आपण त्यांना ‘स्मृतिचित्रे’साठी ओळखतो. ख्रिस्ताच्या चरित्राचा उत्तरभाग मराठी महाकाव्यात एका स्त्रीच्या लेखणीतून उतरला, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. उठला म्हणजे नेमके काय झाले, असा या लोकांचा दावा होता?

इथे मराठी वाचकाची गल्लत होणे स्वाभाविक आहे. ‘पुनरुत्थान’ हा शब्द कानावर पडताच त्याच्या शेजारी ‘पुनर्जन्म’ येऊन बसतो. दोन्हींचा काही संबंध नाही. पुनर्जन्मात आत्मा जुने वस्त्र टाकून नवे घेतो. व्यक्ती बदलते, नाव बदलते, आठवण सहसा उरत नाही. पुनरुत्थानात तोच माणूस, त्याच देहाचा इतिहास घेऊन उभा राहतो. आत्मा अमर आहे असेही त्यात म्हणायचे नाही. तो प्लेटोचा विचार, आणि पौल अथेन्समध्ये पुनरुत्थानाबद्दल बोलू लागला तेव्हा काही श्रोते हसले, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात नोंदवले आहे. ते सावित्रीने परत आणलेल्या सत्यवानासारखेही नाही. सत्यवानाचे नाते लाजरसाशी अधिक जवळचे. लाजर कबरीतून बाहेर आला, पण हातापायांना बांधलेल्या पट्ट्यांसकट आला, आणि केव्हातरी त्याला पुन्हा मरायचेच होते. येशूच्या बाबतीत योहान मुद्दाम सांगतो की तागाची वस्त्रे कबरीतच पडून होती आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला होता. हा मागे परतलेला माणूस नव्हता. मरणातून तो पलीकडे निघून गेला होता.

हा विचार यहुदी परंपरेतला, आणि तिथेही तसा उशिराचा. अंतिओख चौथा एपिफानेस या राजाने इसवी सनापूर्वी 167च्या सुमारास यहुदी धर्माचरणावर बंदी घातली आणि धर्म पाळणाऱ्यांना ठार मारले. दानीएलाच्या पुस्तकात धुळीत निजलेले जागे होतील ही आशा स्पष्टपणे येते, ती याच काळात. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात सात भाऊ आणि त्यांची आई यांची कथा आहे. राजाच्या माणसांनी जीभ आणि हात तोडायला सांगितल्यावर एक भाऊ हात पुढे करतो आणि म्हणतो की हे मला देवाकडून मिळाले होते, त्याच्याकडूनच परत मिळतील. ही कल्पना अमर व्हायच्या हव्यासातून आलेली नाही. निष्ठेने वागणाऱ्यांचे हातपाय तोडले जातात आणि राजा सुखाने झोपतो. देव न्यायी असेल तर हिशेब अजून बाकी आहे, या अस्वस्थतेतून ती आली. सदूकी म्हणजे मंदिरातली धनिक पुरोहित मंडळी ती मानत नव्हती. त्यांचा हिशेब याच जगात पुरा होत होता. परूशी आणि बहुतेक सामान्य लोक मानत होते.

त्या काळी यरुशलेमच्या आसपास प्रेत खडकातल्या कबरीत ठेवत आणि वर्षभराने हाडे गोळा करून दगडी पेटीत भरत. अशाच एका पेटीत 1968मध्ये योहोहनान नावाच्या माणसाच्या टाचेचे हाड मिळाले, त्यात लोखंडी खिळा अजून अडकलेला. क्रुसावर मारलेल्या माणसालाही घरच्या कबरीत जागा मिळू शकत होती, याचा हा पुरावा.

या पार्श्वभूमीवर शिष्यांच्या म्हणण्यातला धक्का कळतो. पुनरुत्थान होणार तर जगाच्या अंती, सर्वांचे, एकदम, असेच सगळे मानत होते. मधेच, इतिहास चालू असताना, एकट्याचे व्हावे आणि तेही क्रुसावर मेलेल्याचे, याची कोणी वाट पाहत नव्हते. क्रूस ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा. झाडाला टांगलेला देवाने शापलेला असतो, असे अनुवादाच्या पुस्तकात लिहिलेले. म्हणजे रोमन राज्यपालाने दिलेला निकाल आणि शास्त्राने दिलेला निकाल एकच होता. तो उठवला गेला, याचा अर्थ वरच्या न्यायालयाने हा निकाल फिरवला. आरंभीच्या प्रवचनांचा रोख नेमका हाच आहे: तुम्ही मारले, देवाने उठवले.

मग बाकीच्यांचे काय? यासाठी पौल शेतातला शब्द वापरतो. ख्रिस्त हे ‘प्रथमफळ’. यहुदी लोक कापणीची पहिली पेंढी मंदिरात नेत. आपल्या कोकणात नवान्नाला नव्या भाताच्या लोंब्या घरात आणून दाराला बांधतात, त्यासारखेच. चार लोंब्या म्हणजे पीक नव्हे, पण शेत पिकले आहे याची ती खूण असते. उरलेली कापणी व्हायची आहे.

उठलेल्या देहाबद्दल शुभवर्तमानांची भाषा चाचपडते, आणि मला ती चाचपडतानाच सर्वांत प्रामाणिक वाटते. तो बंद दारातून आत येतो, पण भाजलेल्या माशाचा तुकडा मागून खातो. जवळची माणसे त्याला ओळखत नाहीत. मरीयेला तो माळी वाटतो. तो नावाने हाक मारतो तेव्हा तिला कळते. अम्माऊसच्या वाटेवर दोघे जण साधारण अकरा किलोमीटर त्याच्यासोबत चालतात, शास्त्रांवर चर्चा करतात, तरी ओळख पटत नाही. त्यांतल्या एकाचे नाव क्लयपा. दुसऱ्याचे दिलेले नाही, ती त्याची बायको असावी असेही काहींना वाटते. संध्याकाळी जेवायला बसल्यावर तो भाकर मोडतो, त्यांना ओळख पटते आणि त्याच क्षणी तो दिसेनासा होतो. भूत म्हणावे तर खातो-पितो, साधा देह म्हणावा तर हाती लागत नाही. पौल यासाठी बी आणि रोप यांचा दाखला देतो: पेरले जाते ते वेगळे, उगवते ते वेगळे, तरी दोन्ही एकच.

थोमाच्या गोष्टीत एक तपशील कायम चुकवला जातो. कॅराव्हाजोच्या प्रसिद्ध चित्रात थोमाचे बोट येशूच्या कुशीतल्या जखमेत खुपसलेले आहे. योहानाच्या कथेत तसे घडत नाही. थोमाने तशी अट घातलेली असते, येशू त्याला तसे करायला सांगतो, पण त्याने हात लावला असे कुठेही लिहिलेले नाही. तो पाहूनच आपला स्वामी आणि देव म्हणून त्याला ओळखतो. (हाच थोमा पुढे मलबारला आला, अशी केरळच्या ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे.) आणखी महत्त्वाचे म्हणजे जखमा अजून आहेत. मरणावर मात केलेल्या देहावर खिळ्यांचे व्रण राहतात. झाले ते झालेच नाही, असा बहाणा ही कथा करत नाही. ज्यांच्या आयुष्यात भरून न येणारे काही घडले आहे, अशा भाविकांना या कथेत दिलासा मिळतो तो इथे, असे मला वाटते.

आधुनिक काळात या कथांवर काय काय म्हटले गेले, त्याची जंत्री मोठी आहे. शिष्यांनी देह चोरला, असा अंदाज अठराव्या शतकात रायमारसने मांडला. हा आरोप मत्तयाच्या काळापासूनच होता. 1835मध्ये स्ट्राउसने या सर्व कथा पुराणकथा ठरवल्या. विसाव्या शतकात बुल्टमानने येशू उठला तो मंडळीच्या घोषणेत, असे म्हटले, तर एन. टी. राइट यांनी 2003मध्ये आठशे पानांचा ग्रंथ लिहून देहाच्या पुनरुत्थानाखेरीज घटनांचा उलगडा होत नाही, असा दावा केला. इतिहासकार कुठवर जाऊ शकतो? येशूच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात, घाबरून पांगलेल्या माणसांना तो भेटल्याची खात्री पटली आणि त्यांनी त्या खात्रीपायी मार खाल्ला, तुरुंग भोगला, काहींनी जीव दिला. एवढे तो सांगू शकतो. खात्री कशामुळे पटली, या प्रश्नापाशी त्याची साधने संपतात.

भाविकाची साधने वेगळी असतात, पण तोही काही सुटत नाही. पौलाने त्याच अध्यायात पैज लावून टाकली आहे: ख्रिस्त उठला नसेल, तर आमचा प्रचार व्यर्थ, तुमचा विश्वास व्यर्थ, आणि आम्ही साऱ्या माणसांत कीव करण्याजोगे. धर्मग्रंथात असे वाक्य सहसा सापडत नाही, कारण त्यात माघारीची वाट ठेवलेली नाही. चांगली शिकवण तरी उरेल, असे समाधान पौल करून घेत नाही.

आणि तरी रोजच्या जगण्यात हा विश्वास फार साध्या रूपात उतरलेला दिसतो. कबरस्तानाला ग्रीक ख्रिस्ती लोकांनी नाव दिले ते ‘निजायची जागा’. इंग्रजीतला ‘सेमेटरी’ हा शब्द त्यातूनच आला. व्हॅटिकन परिषदेनंतर वसईच्या चर्चमध्ये उपासना मराठीत होऊ लागली. पास्काच्या आदल्या रात्री सगळे दिवे मालवून, बाहेर पेटवलेल्या अग्नीवर एक मोठी मेणबत्ती पेटवतात आणि तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती लागत जाते. त्या रात्रीच्या वाचनांत कबरीपाशी आलेल्या स्त्रियाच असतात.

योहानाचा एकविसावा अध्याय बहुधा नंतर जोडलेला आहे, कारण विसाव्याच्या अखेरीस पुस्तकाचा समारोप होऊन गेलेला दिसतो. त्यात पेत्र म्हणतो, मी मासे धरायला जातो. एवढे सगळे पाहूनही माणूस जुन्या धंद्याकडे वळतो, हे अगदी पटण्यासारखे आहे. रात्रभर जाळी टाकूनही काही लागत नाही. पहाटे काठावर कोणी तरी उभे असते, उजवीकडे जाळे टाका म्हणते, आणि 153 मोठे मासे येतात. या आकड्याचा अर्थ लावण्यात ऑगस्टीनपासून अनेकांनी बुद्धी शिणवली. एकापासून सतरापर्यंतच्या संख्यांची बेरीज 153 होते, हे ऑगस्टीनने दाखवले. मला वाटते, कोळ्याने मासे मोजले, इतकेच.

काठावर कोळशांचा विस्तव पेटलेला असतो. कोळशांच्या विस्तवासाठी वापरलेला ग्रीक शब्द नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. दुसरे ठिकाण म्हणजे महायाजकाचे अंगण, जिथे थंडीत शेकत उभ्या असलेल्या पेत्राने या माणसाला आपण ओळखत नाही असे सांगितले होते, एकदा नाही, तीन वेळा. इथे न्याहारी झाल्यावर येशू त्याला तीन वेळा एकच प्रश्न विचारतो: माझ्यावर तुझी प्रीती आहे का? तिसऱ्या वेळी पेत्राला वाईट वाटते. मागच्या अंगणाचा उल्लेख कोणीच करत नाही. प्रत्येक उत्तरानंतर त्याला काम दिले जाते, मेंढरे सांभाळण्याचे. मग म्हातारपणी दुसरे कोणी तुला कंबर बांधून नको तिथे नेईल, असेही सांगितले जाते. पेत्र मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे पाहतो आणि विचारतो, मग याचे काय? त्याला उत्तर मिळते की ते तुला कशाला हवे, तू माझ्यामागे ये.